इंजिन कुणाच्या जागेवरून बघायचं?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की छपाईत काहीतरी चूक झाली. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर आणि दगडांवर चढणाऱ्या गाड्यांची इंजिनं, यांचा काय संबंध? संबंध आहे. समीक्षा फक्त कवितेची आणि नाटकाचीच करायची, असा काही नियम नाही. माणसाने विचार करून निवड केली आणि त्या निवडीतून काही घडवलं, की त्याची समीक्षा करता येते. ही निवड चांगली, ती वाईट, हे कशाच्या आधारावर म्हणायचं, एवढाच आज आमचा प्रश्न आहे.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. त्याला रॉक क्रॉलिंग म्हणतात, म्हणजे दगडांवरून रांगत जाणं. प्रकार मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात रूबिकॉन नावाची वाट आहे, सगळी ग्रॅनाइटच्या धोंड्यांनी भरलेली. १९५३ साली तिथे जीपवाल्यांचा पहिला मोठा जथा गेला आणि तो पायंडा पडला. युटा राज्यात मोआब गावाच्या आसपास वालुकाश्माचे उघडे उतार आहेत. कॅलिफोर्नियाच्याच मोहावी वाळवंटात जॉन्सन व्हॅली आहे, तिथल्या घळी तर एखाद्या कोसळलेल्या किल्ल्यासारख्या दिसतात. या जागी जी गाडी चालते तिला बग्गी म्हणतात. आपली घोड्याची बग्गी डोळ्यांपुढे आणू नका हं. पोलादी नळ्यांचा पिंजरा, आत एक किंवा दोन खुर्च्या, कमरेपर्यंत येतील अशी चाकं, चारही चाकांना इंजिनाचा जोर, आणि एक चाक वर गेलं तरी बाकीची जमिनीला टेकून राहावीत म्हणून भरपूर हलणारे ॲक्सल.

आता गंमत बघा. शंकूसारख्या खुणा ठेवून आखलेल्या स्पर्धेत सगळ्यात वेगाने जाणारा जिंकतोच असं नाही. गाडी मागे घेतली की दंडाचे गुण, खुणेला धक्का लागला की दंडाचे गुण. ज्याच्या नावावर कमी गुण तो पुढे. म्हणजे ज्याच्या हातून चुका कमी झाल्या तो पुढे. गाडी चालते आपल्या पायी चालण्यापेक्षा हळू. संगीतातली उपमा द्यायची तर हा विलंबित ख्याल आहे. द्रुत लयीत झाकून जाणारं सगळं विलंबितात उघडं पडतं.

आणि या खेळात एक दुसरा माणूस असतो. चालकाला स्वतःचं पुढचं चाक नीट दिसत नाही, मागचं तर अजिबात नाही. म्हणून एक जण खाली उतरून दगडांमध्ये उभा राहतो आणि हाताने खुणा करतो: डावीकडे, थोडं, थांब, आता ये. त्याला स्पॉटर म्हणतात. आपण त्याला वाटाड्या म्हणू. चालक पिंजऱ्यात असतो, पट्ट्यांनी बांधलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असतं. वाटाड्याच्या अंगाभोवती मात्र पिंजरा नसतो. दीड-दोन टनांची गाडी त्याच्या हातभर अंतरावर, कलंडायच्या बेतात उभी असते.

आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: या गाडीच्या इंजिनाची पारख चालकाच्या खुर्चीतून करू नये, वाटाड्या उभा आहे त्या जागेवरून करावी. इंजिनांच्या गप्पा बहुतेक वेळा खुर्चीतूनच होतात. म्हणून चित्रविचित्र निवडींचं कौतुकही चुकीच्या कारणांसाठी होतं आणि त्यांची हेटाळणीही.

आता जरा हिशेब करू. घाबरू नका, गुणाकार आहे फक्त.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना तीन ठिकाणी गुणला जातो: गिअरबॉक्समध्ये, ट्रान्सफर केसमध्ये आणि ॲक्सलमध्ये. टोयोटाच्या जुन्या पिकअपवर बांधलेल्या गाड्यांमध्ये दोन ट्रान्सफर केस एकामागे एक जोडायची पद्धत आहे. पहिला गिअर सुमारे ३.९५, पहिली ट्रान्सफर केस २.२८, दुसरी बदलून घातलेली ४.७, आणि ॲक्सल ५.२९. गुणाकार केला की येतात साधारण २२४. म्हणजे इंजिनाचे २२४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असेल तर चाक साडेचार फेरेसुद्धा घेत नाही. चाक ३७ इंची असेल तर गाडी मिनिटाला तेरा मीटर सरकते, ताशी एक किलोमीटरपेक्षाही कमी. आणि घर्षणात जातं ते सोडलं, तर इंजिनाने शंभर न्यूटन-मीटर टॉर्क दिला की चाकांपाशी तो बावीस हजारांच्या वर जातो. त्या टोयोटाचं इंजिन फक्त २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं, अगदी साधं.

यावरून कुणी म्हणेल, मग संपलंच की! जोर गिअरने वाढवता येतो, तर इंजिन कोणतं का असेना. इथे थांबायला हवं. गिअर जोर वाढवतो, पण इंजिनाचा स्वभाव बदलत नाही. इंजिन अगदी हळू फिरताना अडखळत असेल, तर ते अडखळणंसुद्धा चाकापर्यंत पोचतं. पाय किंचित दाबल्यावर आधी काहीच न होता मग एकदम उसळी येत असेल, तर ती उसळीही पोचते. शिवाय वजन किती, ते गाडीत कुठे बसतं, गाडी तिरकी झाल्यावर तेल आणि इंधन मिळत राहतं का, वारा नसताना इंजिन थंड राहतं का, या गोष्टी गिअरच्या हातात नाहीत. समीक्षा इथून सुरू होते.

आपल्या व्याकरणशास्त्रात एक सुरेख भेद आहे. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रिया सिद्धीला नेण्यात जे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते करण. पाणिनीने ही व्यवस्था लावून दिली. कुऱ्हाडीने लाकूड तोडतो तेव्हा कुऱ्हाड करण. कुऱ्हाड कितीही धारदार असो, ती हातातून निसटून स्वतःच्या मनाने चालायला लागली की धार हा गुण राहत नाही, धोका होतो. आमची कसोटी इथूनच येते: करणाने कर्ता होऊ नये. दगडावर अर्धवट चढलेल्या गाडीत इंजिन कर्ता झालं, की त्याची किंमत वाटाड्या मोजतो.

ही कसोटी हातात घेऊन काही निवडी तपासू.

सुरुवात विलीज जीपपासून. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जीपचं इंजिन २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास १११ मिलिमीटर, म्हणजे अरुंद आणि लांब. अशी इंजिनं फार वेगाने फिरत नाहीत, पण हळू फिरताना ओढ चांगली देतात. आज हे आकडे ऐकून तरुण मुलं हसतील, पण रूबिकॉनची वाट याच इंजिनाने चालती केली. ही वेगळी निवड नव्हे. ही ती रेघ आहे, जिच्या शेजारी ठेवून बाकीच्या रेघा लहान-मोठ्या ठरवायच्या.

१९६०च्या दशकाच्या मध्याला याच कुळातल्या सीजे-५ जीपमध्ये ब्यूइकचं सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन आलं. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. आठ सिलिंडरच्या इंजिनातले दोन कमी करून ते बेतलेलं, म्हणून दोन ओळींमधला कोन आठालाच शोभणारा ९० अंशांचा राहिला. परिणाम असा की ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. एक ९० अंशांनी, पुढचा १५० अंशांनी, पुन्हा ९०, पुन्हा १५०. लंगडत चालल्यासारखा आवाज. पुढे जीपच्या मालकांनी हे इंजिन बनवायची यंत्रसामग्रीच विकत घेतली, आणि १९७४ साली ती परत जनरल मोटर्सकडे गेली. १९७७ मध्ये क्रँकची रचना बदलून ठोके सारखे करण्यात आले. पण दगडांवर जाणाऱ्यांत त्या जुन्या लंगड्या इंजिनाचे भक्त राहिलेच. ते म्हणतात, असमान ठोक्यांमुळे टायरला मध्ये मध्ये उसंत मिळते आणि पकड चांगली बसते.

आमचं मत वेगळं आहे. श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतंय. त्या जीपला आधी मिळायचं ते चार सिलिंडरचं इंजिन ७५ अश्वशक्तीचं होतं. हे नवं जवळजवळ दुप्पट ताकदीचं, ३.७ लिटरचं, आणि त्याला जड फ्लायव्हील जोडलेलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारी पोलादी थाळी. आपलं जातं आठवा. जात्याची वरची तळी जड असते, म्हणून दाणा अडकला तरी हात थांबत नाही. इथेही तेच. दगडाशी चाक अडलं, की साठवलेल्या फिरतीतून क्षणभराचा जोर मिळतो आणि इंजिन बंद पडत नाही. ही साठवण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे एक तृतीयांश झाले तर साठवण एक नवमांश. म्हणूनच हळू चालणाऱ्या गाडीला थाळी जड लागते. ब्यूइकच्या यशात या थाळीचा वाटा मोठा आहे. लंगड्या ठोक्याचं कौतुक ही नंतर रचलेली आख्यायिका. दोषालाच गुण म्हणून मिरवण्याची खोड साहित्यात आहे तशी इथेही आहे.

याच कारणासाठी मोटरसायकलचं इंजिन दगडांवर आम्हाला पटत नाही. सुझुकी हायाबुसाचं इंजिन वाळूवर पळणाऱ्या हलक्या बग्ग्यांमध्ये बसवतात, तिथे ते शोभतंही. १९९९ सालचं मूळ इंजिन १.३ लिटरचं आणि १७० अश्वशक्तीच्या वर. कागदावर विलीजच्या जवळजवळ तिप्पट! पण ही ताकद मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांवर मिळते, आणि फिरणारे भाग मुद्दाम हलके ठेवलेले असतात, कारण मोटरसायकलला झटकन वर जायचं असतं. शिवाय तिच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स नसतो. दगडात अडकलेल्या माणसाला मागे येता येणार नसेल, तर त्याने पुढे कशाच्या भरवशावर जायचं? वेगळी यंत्रणा जोडून रिव्हर्स मिळवता येतो, खोल गिअर लावून जोरही मिळवता येतो. सगळं करता येतं. पण इंजिनाच्या प्रत्येक गुणाला आवर घालायला एकेक यंत्र जोडावं लागत असेल, तर ती निवड कामासाठी नव्हती, चारचौघांत उठून दिसण्यासाठी होती. माझदाच्या वँकेल इंजिनाचंही तसंच. पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर, आकार लहान, चाल मऊ. सुंदर कल्पना आहे, यात वाद नाही. पण हळू फिरताना ओढ कमी आणि धुराड्याची उष्णता फार. सुंदर वस्तू, चुकीच्या जागी.

आता जरा हसू या. १९६०च्या दशकात शेवरोलेची कॉरव्हेर नावाची मोटार होती. तिचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरचं. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगनच्या बीटलवर फायबरग्लासची बग्गी बांधली आणि बग्ग्यांची लाट आली, तेव्हा बीटलच्या चार सिलिंडरच्या जागी कॉरव्हेरचे सहा बसवायचा मोह अनेकांना झाला. अडचण एकच. कॉरव्हेरचं इंजिन उलट्या दिशेने फिरतं. तसंच जोडून दिलं तर गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार! मग डिफरन्शियलमधलं मोठं चक्र उलट बाजूला बसवायचं, की झालं काम. ही बग्गी वाळूवरची, दगडांवरची नव्हे, पण उदाहरण मोलाचं आहे. इंजिनाची निवड ही एका वस्तूची निवड कधीच नसते. ते इंजिन बाकीच्या गाडीला प्रश्न विचारतं. ज्याने त्या प्रश्नांची उत्तरं आधी शोधली त्याची निवड वेगळी. ज्याला ती गॅरेजमध्ये कळली त्याचं नुसतं धाडस.

डिझेलकडे वळू. अमेरिकेत दुकानोदुकानी पाव आणि वेफर्स पोचवणाऱ्या चौकोनी व्हॅन असत. त्यांतल्या अनेकांत कमिन्सचं ४बीटी हे इंजिन असे: ३.९ लिटर, चार सिलिंडर, १०५ अश्वशक्ती. अश्वशक्ती बेताची, पण टॉर्क साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या वर आणि तोही सोळा-सतराशे फेऱ्यांपाशी. जुन्या व्हॅन भंगारात निघाल्या की ही इंजिनं जीपवाल्यांच्या हाती लागत. आमच्या कसोटीवर हे इंजिन अर्धं उतरतं. त्याच्या पंपावर गव्हर्नर असतो. चाक दगडाला भिडून फेरे कमी व्हायला लागले की तो स्वतःच इंधन वाढवतो आणि चाल टिकवतो. चालकाला पाय लावावा लागत नाही. वाटाड्याच्या दृष्टीने याहून शहाणा सोबती नाही. पण वजन? तीनशे किलोच्या बरंच वर, सगळं बिडाचं, आणि ते पुढच्या ॲक्सलवर. कातळाची पायरी चढून पलीकडे उतरताना हेच वजन गाडीचं नाक खाली खेचतं. मोठ्या पिकअपमध्ये ते खपून जातं. नळ्यांच्या हलक्या बग्गीत ते म्हणजे खारीच्या पाठीवर वरवंटा.

याच्या उलट उदाहरण सुझुकी सामुराईचं. आपली मारुती जिप्सी याच घराण्यातली. सामुराईचं मूळ पेट्रोल इंजिन १.३ लिटरचं. त्या जागी फोक्सवॅगनचं १.९ लिटरचं टीडीआय डिझेल बसवणारे बरेच आहेत. गाडीचा आकार तोच, टॉर्क जवळजवळ दुप्पट, आणि तो दोन हजार फेऱ्यांच्या आतच. प्रवासी मोटारीचं, आडवं बसवायचं इंजिन दगडांवर उभं करून बसवायचं, ही निवड चाकोरीबाहेरची आहे. पण ती गाडीच्या मापात बसते आणि गाडीला नेमकं जे कमी होतं तेच देते. आम्ही हिला चांगली निवड म्हणू. तरी एक गोष्ट सांगायला हवी. सामुराईची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते आणि तिच्या आतले गिअर बदलता येतात. फक्त तेवढे बदलून, इंजिनाला हात न लावता, एकूण गुणोत्तर तीसच्या आसपासहून ऐंशीच्या पुढे नेता येतं. म्हणजे कित्येकदा ज्याला आपण इंजिनाची भूक समजतो ती गिअरची असते.

आता आमची सगळ्यात आवडती निवड, आणि तिच्यात इंजिन बदलतच नाही. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं छोटं भांडं असतं आणि त्यात तरंगणारा फ्लोट. गाडी सपाट रस्त्यावर असेल तोवर ठीक. ती चाळीस अंशांत कलली, की भांड्यातलं पेट्रोल एका बाजूला जातं. कधी इंजिन उपाशी मरतं, कधी बुडून. आणि मरतं ते नेमकं सगळ्यात वाईट जागी, उभ्या चढावर, जिथे ब्रेक आणि नशीब दोनच उरतात. यावर काही जणांनी तोडगा काढला की इंधनच बदलायचं. द्रवरूप प्रोपेन टाकीतून येतं, वाटेत त्याचा वायू होतो आणि तो हवेत मिसळतो. तरंगायला काही नाही, मग कलायलाही काही नाही. आपल्याकडे गॅसवर रिक्षा धावतात ते स्वस्त पडतं म्हणून. तिकडे दगडांवर गॅस आला तो गाडी कलते म्हणून. पुढे इंधन इंजेक्शन सर्रास झालं आणि प्रोपेनची गरज कमी झाली. पण या तोडग्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न दगडाने विचारला होता, आणि उत्तर त्या प्रश्नालाच दिलेलं होतं.

इथवर आम्ही वेगळ्या निवडींबद्दल बोललो. आता सर्वमान्य निवडीबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर समीक्षा एकतर्फी होईल. ती म्हणजे जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातलं व्ही-८. १९९७ साली कॉर्व्हेट मोटारीत ते आलं: ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचं, ३४५ अश्वशक्ती. दोन वर्षांनी त्याची भावंडं ट्रकमध्ये आली, आणि ट्रक लाखोंनी विकले गेल्यामुळे भंगारच्या यार्डात ही इंजिनं स्वस्त मिळू लागली. त्याचा कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीने खाली, ब्लॉकमध्येच असतो, म्हणून वरची डोकी लहान आणि इंजिन आटोपशीर. म्हणजे जी रचना जुनाट म्हणून हिणवली जायची, तीच इथे जागा वाचवते. सुटे भाग कुठेही मिळतात, दुरुस्ती कुणालाही येते. वाळवंटात गाडी बंद पडली तर हा गुण अश्वशक्तीहून मोठा.

आणि खरं सांगायचं तर मूळ रूपातलं हे इंजिन आमच्या कसोटीवर उत्तम उतरतं. आकार मोठा, टर्बो नाही, पाय जेवढा दाबाल तेवढाच जोर, आणि तोही लगेच. करण करणच राहतं. दगडाची पायरी उंच असेल तर कधी कधी रांगून भागत नाही, एक झेप घ्यावी लागते. त्या वेळी ताकद हाताशी असणं हा काही दिमाख नव्हे.

मग तक्रार कशाची? २००७ पासून जॉन्सन व्हॅलीत किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत होते. तिच्यात उघड्या वाळवंटातली सुसाट धाव आणि दगडांतलं रांगणं, दोन्ही एकाच दिवशी. तिथे ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाणारी गाडी लागते, आणि सहाशे किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीचं व्ही-८ हे त्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. घोटाळा पुढे होतो. ज्याला ती शर्यत कधीच करायची नाही, जो सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर घळीत जाणार आहे, तोही तेच उत्तर उचलतो. प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर आपल्या गाडीत. एवढी ताकद मिळवायला जे कॅमशाफ्ट घालतात त्याने हळू फिरतानाची चाल बिघडते, इंजिन थरथरत राहतं. मग पाय जरा जास्त दाबावा लागतो, चाकं फिरतात, दगड उडतात, ॲक्सल तुटतात, वाट उखडते. आणि तो खाली उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरकतो. ते मागे सरकणं हीच आमच्या मते त्या इंजिनाची खरी समीक्षा. लिहिलेली नाही, पण अचूक.

यावर कुणी म्हणेल, सर, हा धोका तर खेळातच आहे, आणि वाटाड्या स्वखुशीने उभा राहतो. मान्य. पण त्याने पत्करला तो दगडाचा आणि उताराचा धोका. मित्राच्या हौसेचा धोका त्याने पत्करलेला नाही. दगड आपण निवडत नाही, तो असतो. इंजिन आपण निवडतो. जे आपण निवडतो त्याची जबाबदारी आपली. वेगळी निवड करणाऱ्यालाही हे लागू आहेच. ज्याचा सुटा भाग शंभर मैलांत मिळत नाही असं इंजिन घेऊन जो घळीत शिरतो, तो त्याच्या मागे अडकणाऱ्या सगळ्यांच्या वतीने निर्णय घेत असतो.

शेवटी दोन उदाहरणं, आणि थांबतो.

पहिलं विजेचं. २०२१ मध्ये जीप कंपनीने मोआबच्या मेळाव्यासाठी मॅग्नेटो नावाची एक प्रायोगिक रँग्लर आणली. बोनेटखाली इंजिनाऐवजी विजेची मोटर, आणि तिला जोडलेला सहा गिअरचा, क्लच असलेला हाताचा गिअरबॉक्स. विजेच्या मोटरला शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क मिळतो. ती बंद पडत नाही, तिला फ्लायव्हीलची गरज नाही, कलल्याने तिचं काही बिघडत नाही. आत्तापर्यंत मोजलेल्या बहुतेक अडचणी तिने एका फटक्यात मिटवल्या. मग क्लच कशाला? काहींना तो नुसता जुन्याचा लळा वाटतो. आम्हाला वाटतं, त्यात एक खरा प्रश्न आहे. खोल गिअर फक्त जोर देत नाही, तो पायाच्या हालचालीला बारीक करतो. पाय एक बोट हलला तर गाडी एक वीत हलावी, की दहा वीत? हा प्रश्न वीज आली तरी उरतोच. तो सॉफ्टवेअरने सोडवा नाहीतर पितळेच्या सिंक्रोनायझरने, सोडवावा लागेल.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. विलीज जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली, आणि तिचा वंश आपल्याकडे पुढे दशकानुदशकं चालला. २०१८ मध्ये त्याच वंशातली रॉक्सर नावाची गाडी महिंद्राने अमेरिकेत, मिशिगन राज्यात जुळवून विकायला सुरुवात केली. रस्त्यासाठी नाही, फक्त रानात आणि शेतावर चालवायला. इंजिन २.५ लिटरचं टर्बो डिझेल. अश्वशक्ती किती? ६२. विलीजपेक्षा दोन जास्त! सहाशे अश्वशक्तीच्या देशात ६२ अश्वशक्तीची गाडी विकायची म्हणजे थट्टाच वाटेल. पण टॉर्क १९५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो चौदाशे फेऱ्यांपासून. ही काही स्पर्धेची बग्गी नव्हे, आणि उंच पायरीवर झेप घ्यायला ती कमीच पडेल. पण चढावर ती हळू, एकसारखी, न दचकता जाते. तिथे आज हीच निवड चाकोरीबाहेरची ठरते, हे मात्र विचार करण्याजोगं आहे. साधेपणाच जेव्हा विक्षिप्त दिसू लागतो, तेव्हा बाकीच्यांची चाकोरी कुठे वळली ते कळतं.

तर मंडळी, वेगळं इंजिन चांगलं की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्न अपुरा आहे. आधी दगड बघावा, मग गिअरचा गुणाकार करावा, आणि इंजिन शेवटी निवडावं. निवडून झालं की एकदा खुर्चीतून खाली उतरावं. आपल्या गाडीच्या पुढे, चाकापासून हातभर अंतरावर उभं राहावं, आणि दुसऱ्या कुणाला तरी ती चालवायला सांगावी. तिथे उभं राहवलं, तर इंजिन बरोबर निवडलं.